माशाच्या पोटातला अंगठा

माझ्या उजव्या हाताचा अंगठा मेलेला आहे, हे आमच्या गावात दोघांनाच ठाऊक होतं. एक मी, दुसरे माझे बाबा. बायकोला, बिबियानेला, संशय होता; पण ती संशय सगळ्यांचाच घेते, त्यामुळे तो मी धरत नाही.

बाबांचं नाव एसायास. आठ वर्षांपूर्वी सप्टेंबरात ते गेले आणि जानेवारीत परत आले. माझ्या मुलीला, साबिनेला, तेव्हा मुलगी झाली. शाळेच्या कागदावर तिचं नाव नीवी आहे, पण पाळण्यातच तिला एसायासचं नाव दिलं, आणि नाव आलं की माणूस आलाच. साबिने आता शहरात शिकते आणि पोरगी आमच्याकडे असते. मी तिला बाबा म्हणतो, अहोजाहो करतो. ती मला सरळ नावाने "गाबा" म्हणून हाक मारते, तेही अरेतुरे. बापच तो, त्याला कोण बोलणार?

बिबीची मात्र चंगळ झाली आहे. सासरा जिवंत असताना तिने त्यांच्यासमोर कधी आवाज चढवला नाही. आता ती तेव्हाचं सगळं उट्टं काढते.

"मामंजी, नाक पुसा!"

"मामंजी, सीलची चरबी संपवल्याशिवाय उठायचं नाही. मला कसे सांगायचात? आता कळलं?"

नीवी खिदळते आणि चरबी कुत्र्याला देते. बाबाही तेच करायचे.

आमचं गाव एक्केचाळीस माणसांचं आणि कुत्रे त्याच्या पाचपट. आम्ही हॅलिबट मासा धरतो. हिवाळ्यात खाडी गोठली की स्लेजला कुत्रे जुंपून आत जायचं, जिथे मोठं बर्फ डोंगरामागून उतरून समुद्रात पाय टाकतं त्या कड्याकडे. तिथे पहारीने भोक पाडायचं आणि चारशे गळांची दोरी तळाला सोडायची, पाच-सहाशे मीटर खाली. मासा तिथेच असतो, कड्याच्या पायाशी. नेमकी जागा नकाशावर नाही. हात लांब करून मूठ धरायची. मुठीमागे कडा जेमतेम झाकला की तीच बसायची जागा. बाबांच्या तरुणपणी गावातून दोन तासांत मूठ भरायची. आता चार तास लागतात, कारण कडाच मागे मागे चालला आहे.

बाबांची एक रीत होती. दोरीला पहिला मासा आला की ते त्याचं पोट चिरत, हातमोजा काढून अंगठा आत घालत आणि डोळे मिटत. वैद्य नाडी बघतो तसं. मग म्हणत, "गार आहे. बसा." सगळे बसत. कधीतरी, फार क्वचित, ते म्हणत, "पोट कोमट आहे. उठा." मग भरल्या गळांची दोरी सोडूनही सगळे उठत आणि खाडीच्या तोंडावरच्या बेटाच्या बाहेरच्या अंगाला, कड्यापासून दूर, जाऊन बसत. कारण विचारलं तर म्हणायचे, "मासा खोटं बोलत नाही. खोटं बोलून त्याला काय मिळणार आहे?" यापुढे एक शब्द नाही. आमच्या घरात स्पष्टीकरण द्यायची पद्धत नव्हती.

लहानपणी एकदा मीही माशात बोट घातलं होतं. असं झोंबलं की ओरडलो. तेव्हा माझी दहाच्या दहा बोटं जिवंत होती.

ते गेल्यावर ती रीत माझ्याकडे आली. कोणी दिली नाही, पण पहिला मासा वर आला की सगळे आपापली कामं थांबवून माझ्याकडे बघायला लागले. मी मोजा काढला, अंगठा घातला, डोळे मिटले. काही लागलं नाही. काही लागणारच नव्हतं. मी म्हणालो, "गार आहे. बसा." आठ वर्षं मी हेच म्हणत आलो. खरं सांगायला हवं होतं, पण एसायासच्या मुलाला एवढंही जमत नाही, हे कुणी म्हटलेलं मला खपलं नसतं.

अंगठा मेला त्याची गोष्टही सांगून टाकतो, कारण तिथेच माझी मोठी चूक आहे. मी एकोणीस वर्षांचा होतो. वादळात एकटा अडकलो, उजव्या हाताचा मोजा उडून गेला. बाबा मला शोधत पोहोचले तेव्हा हात पांढरा पडला होता. त्यांनी कोट उघडला, सदरा वर केला आणि माझा तो बर्फाचा हात स्वतःच्या उघड्या पोटाशी धरून ठेवला. किती वेळ, मला माहीत नाही. थंडीने त्यांचे दात वाजत होते ते मला ऐकू येत होतं. चार बोटं वाचली, एक गेलं. आणि मी, शहाणा, पहिलं वाक्य काय बोललो? "उशीर केलात."

त्यांनी कुत्रे जुंपले. त्यानंतर सत्तावीस वर्षं आम्ही एका घरात जेवलो, पण त्या हाताबद्दल मी कधी उपकार मानले नाहीत. रोज उद्या म्हणेन म्हणत राहिलो. मग सप्टेंबर आला.

गेल्या शरद ऋतूत तुकूमेक आमच्याकडे आली होती. ती राजधानीची, नूकची, समुद्राचा अभ्यास करते. दरवर्षी ती एक यंत्र माझ्या दोरीला बांधून देते. ते तळाच्या पाण्याची ऊब मोजतं. गावात तिला सगळे चिडवतात, कारण अभ्यासवाले आले की मासेमारीवर बंधनं येतात असा आमचा अनुभव. पण बिबीला ती आवडते, कारण ती केक दोनदा मागून घेते.

"गाबाकाका," ती म्हणाली, "यंदाचे आकडे मला आवडले नाहीत. तळाचं पाणी फार तापलंय."

"तापलंय? मग मासे उकडूनच निघतील. चूल पेटवायला नको."

"हसू नका हो. दक्षिणेकडून येणारं उबदार पाणी जास्त खारट असतं, म्हणून जड. ते खालून सरपटत खाडीत शिरतं. वरचं पाणी आपलं वितळलेल्या बर्फाचं, हलकं आणि गार. आपण वरून हात घालतो आणि म्हणतो, सगळं ठीक आहे. खाली मात्र ते पाणी कड्याचा पाय कुरतडत बसलंय. महासागर जितका तापेल तितका हा पाय लवकर झिजणार. पाय गेला की वरचं धड कशावर उभं राहील?"

"माझा अंगठा गार म्हणतो," मी म्हणालो.

तिने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. हुशार मुलगी आहे. मी तिच्या पुढ्यात केकचा तिसरा तुकडा सरकवला आणि विषय मिटवला.

एप्रिल आला. सूर्य मावळायचं जवळजवळ विसरला होता. नीवी जानेवारीतच सात वर्षांची झाली होती आणि तिने जाहीर केलं की ती पहिला मासा धरणार. पोराने पहिली शिकार केली की आख्खं गाव घरी येतं, कॉफी होते, शिकारीचा तुकडा प्रत्येकाला वाटला जातो. प्रत्येक जण तुकडा घेऊन शिकाऱ्याचे आभार मानतो, आणि शिकाऱ्याने स्वतः मात्र त्यातलं चाखायचं नसतं. बिबीने आठ दिवस आधीच केक भाजायला घेतले.

"कुठे न्यायचं त्यांना?" तिने विचारलं.

"बाबांच्या जागेवर. आणखी कुठे?"

"सांभाळून. मामंजींचे पाय आता लहान आहेत."

आदल्या दिवशी मी जाऊन दोरी सोडून आलो होतो. भोक पाडताना पहार अकराव्या घावाला आरपार गेली. गेल्या वर्षी वीस घाव लागले होते. मला ते लक्षात आलं आणि मी ते लक्षातून काढूनही टाकलं. पोरीला शब्द दिला होता ना!

सकाळी आम्ही निघालो. मागे कॉर्नेलियस त्याची स्लेज घेऊन होता. तो माझ्याच वयाचा, लहानपणापासूनचा सोबती, आणि गावातलं सर्वांत वाचाळ तोंड. वाटभर तो ओरडत होता, "गाबा, तुझ्या कुत्र्यांना पेन्शन दे रे आता!" नीवी स्लेजवर उभी राहून त्याला जीभ दाखवत होती.

कड्यासमोर पोहोचलो. मी हात लांब करून मूठ धरली. नीवीनेही धरली, पण तिची मूठ लहान, कडा वर उरला.

"गाबा, आपण फार जवळ आलोय."

"बाबा, तुमची मूठ आता चिमुकली आहे. माझी धरा हिशेबाला."

कॉर्नेलियस त्याच्या भोकाशी गेला, दोनशे पावलांवर. मी रहाट लावला, नीवीने दांडा धरला आणि दोघं मिळून ओढायला लागलो. ती दमत होती, पण हात सोडत नव्हती. पहिल्याच गळाला मासा आला. काळसर, चपटा, सहा किलोंचा तरी असेल. तिने एवढी किंकाळी फोडली की कुत्रे उठून उभे राहिले.

"माझा! माझा! गाबा, माझा आहे!"

"तुमचाच, बाबा. दुसरं कोण धरणार?"

मी पोट चिरलं आणि सवयीने मोजा काढायला लागलो. तेवढ्यात तिने आपले दोन्ही मोजे फेकून दिले. "मी! मी घालणार. एसायास मी आहे ना?"

घालू दिलं. उणे वीसची थंडी होती. मला वाटलं, झोंबेल, ओरडेल, मग हसू. तिने अंगठा आत घातला. डोळे मिटले, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं, माझं बघून आलं असेल. मग डोळे उघडून ती हसली.

"आत छान ऊब आहे. दुसरा हात पण घालू?"

आणि तिने घातला. दोन्ही हात मनगटापर्यंत माशाच्या पोटात घालून ती चुलीपुढे बसल्यासारखी बसून राहिली.

ज्या माशात बोट घालून मी लहानपणी ओरडलो होतो, त्या माशात ही पोरगी हात शेकत होती. तुकूमेकचे आकडे, पहारीचे अकरा घाव, मुठीवर उरलेला कडा, सगळं एकदम समोर आलं. यातलं काहीच नवीन नव्हतं. मला सगळं आधीच सांगितलं गेलं होतं, आणि मी मेलेल्या अंगठ्याचं ऐकत बसलो होतो.

मी चाकू काढून दोरी कापली. चारशे गळ, त्याला असतील तेवढे मासे आणि तुकूमेकचं यंत्र, सगळं भोकातून सुळकन खाली गेलं.

"गाबा! माझे बाकीचे मासे!" नीवी रडायला लागली.

"एक पुरे, बाबा. पहिला एकच असतो." तिचे हात लाल झाले होते. मी कोट उघडला, सदरा वर केला आणि ते माझ्या पोटाशी धरले, घट्ट. मग मासा स्लेजवर टाकला आणि तिला तसंच उचलून कॉर्नेलियसकडे धावलो.

"ऊठ. घरी चल. पोट कोमट आहे."

"तू तर दर वेळी गार म्हणतोस."

"मी नाही बघितलं. हिने बघितलं."

कॉर्नेलियस हसला. "पोरगी म्हणते म्हणून मी दोरी सोडू? माझे हात अजून रहाटाला लागले नाहीत. तुझा अंगठा कुठे गेला?"

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "माझा अंगठा मेलेला आहे. एकोणीस वर्षांचा होतो तेव्हापासून. मला त्यात काही लागत नाही. कधीच लागलं नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग तो भडकला.

"म्हणजे आठ वर्षं आम्ही तुझ्या मेलेल्या अंगठ्यावर बसलोय? माझी पोरं घेऊन बसलो मी इथे! लाज नाही वाटली?"

"वाटते. घरी पोहोचल्यावर शिव्या दे. गावासमोर दे. पण आता ऊठ."

"नाही उठत जा! तुझं ऐकायचं कारणच उरलं नाही आता."

खरंच उरलं नव्हतं. तेव्हा माझ्या कोटातून नीवीने डोकं बाहेर काढलं. रडून नाक लाल, आवाज चिडका.

"कॉर्नेलियस! चल म्हटलं ना! मला थंडी वाजतेय!"

यावर तो जागच्या जागी थबकला. त्याचं कारण मला माहीत होतं. दहा वर्षांचा असताना तो असाच बाबांचं न ऐकता बर्फावर बसून राहिला होता. बाबा एकदाच "चल" म्हणाले, आणि तो उठला नाही तेव्हा त्याला स्लेजवर न घेता मागून गावापर्यंत चालत आणलं. चालता चालता तो रडला होता. ते बर्फ दुसऱ्या दिवशी फुटलं.

"एसायासचं एकदा ऐकलं नव्हतं," तो पुटपुटला. "मला परत चालत यायचं नाही." आणि त्याने चाकू काढला.

दीड तास कुत्र्यांना दम घेऊ दिला नाही. नाकाडासारखं एक टोक खाडीत येतं, तिथे दोन्ही स्लेज खडकावर चढवल्या. कॉर्नेलियस कॉफीचा थर्मास शोधू लागला. तेवढ्यात सगळे कुत्रे एकदम उठले, कान ताठ, तोंडं कड्याकडे.

आधी दिसलं, आवाज नंतर आला. कड्याचा एक अख्खा तुकडा, आमच्या गावाची सगळी घरं ज्यावर मावली असती एवढा, शांतपणे पुढे झुकला आणि बसला. मग गडगडाट. मग खाडीवरचं बर्फ सतरंजी झटकावी तसं लाटेवर उचललं गेलं आणि तडे आमच्या दिशेने धावत आले. आमच्या स्लेजच्या रेघा तुकड्यातुकड्यांनी वेगळ्या झाल्या आणि काळ्या पाण्यात दिसेनाशा झाल्या. जिथे मी मूठ धरली होती तिथे आता लाटा होत्या.



"माझा थर्मास तिथेच राहिला," कॉर्नेलियस शेवटी म्हणाला. मग त्याने टोपी काढली, सात वर्षांच्या पोरीपुढे गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "एसायास, फार उपकार झाले. या वेळी वेळेवर उठलो, बघितलंस ना?"

"मला शू लागलीय," नीवी म्हणाली.

आम्ही हसलो. इतके हसलो की कॉर्नेलियसच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालावर गोठलं.

टोकापासून गावापर्यंत खडकाखडकाने जायला संध्याकाळ झाली. ऊन अजून होतंच. बिबीने धक्क्यावर आम्हाला मोजलं. एक, दोन, तीन. मग नीवीला कवटाळून ती म्हणाली, "मामंजी, तुमचं उरलेलं सगळं आयुष्य मी तुम्हाला चरबी खा म्हणणार नाही." हा शब्द तिने तीन दिवस पाळला.

मी तुकूमेकला फोन केला. यंत्र गेलं म्हणून सांगितलं.

"तुम्ही सगळे परत आलात?"

"आलो."

"मग जाऊ दे यंत्र. माझ्याकडे दुसरं आहे."

"तुकूमेक, तू सांगितलं होतंस. मी केक पुढे केला. तुझे उपकार आहेत आमच्यावर."

"आता दोरी बेटाबाहेर सोडाल ना, काका?"

"सोडू. मूठ धरायची ती आता नीवीची. तिच्या मुठीत कडा मावेल तेवढं लांब बसायचं, आणि वर तुझे आकडे."

दुसऱ्या दिवशी दुपारी आख्खं गाव घरात. बिबीने त्या एका माशाचे चाळीस तुकडे केले, नखाएवढे. नीवी उंच स्टुलावर बसली होती, नव्या मण्यांच्या गळपट्टीत. एकेक जण येई, तुकडा घेई, तोंडात टाकी आणि म्हणे, "उपकार झाले, एसायास." म्हाताऱ्या बायका तिचे हात हातात घेऊन म्हणत. कॉर्नेलियसने पुन्हा एकदा म्हटलं आणि मग ठरल्याप्रमाणे गावासमोर मला शिव्या घातल्या, सावकाश, एकही न विसरता. मग त्यानेच माझ्या पेल्यात कॉफी ओतली. कुणीच माझ्याशी अबोला धरला नाही. तो धरला असता तर सोपं गेलं असतं.

मी बाहेर कुत्र्यांपाशी जाऊन बसलो. त्यांना दोनदा खायला घातलं. एकाने माझा अंगठा चाटला आणि मला कळलं नाही.

आत गेलो तेव्हा लोक पांगायला लागले होते. ताटात शेवटचा तुकडा उरला होता. नीवी स्टुलावर कंटाळून पाय हलवत होती. स्वतःच्या माशातलं काही मिळालं नाही म्हणून आधीच फुगलेली, तोंडात केक.

मी तिच्यासमोर बसलो. तुकडा उचलला. मेलेल्या अंगठ्याने आणि जिवंत बोटांनी. वादळ, पांढरा हात, उघडं पोट, वाजणारे दात. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही.

"उपकार झाले, बाबा," मी म्हणालो. "माझ्या हाताबद्दल."

तिने केक गिळला आणि कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे पाहिलं.

"किती उशीर केलास!"

"हो बाबा," मी म्हणालो. "फार उशीर केला." आणि तो तुकडा तोंडात टाकला.